हरकतीची मुदत

हिमायतनगरपासून नऊ-दहा किलोमीटरवरच्या पळसवाडीत तारामतीबाई अंगणवाडी चालवते, पण गाव तिला ओळखतं ते मतदार यादीवरून. अठरा वर्षं झाली, गावच्या बूथची यादी तिच्याकडे आहे. कोण अठराचं झालं, कोण लग्न होऊन सासरी गेली, कोण पुण्याला कंपनीत लागलं आणि कोण वर गेलं, हे तिला तलाठ्याच्या आधी कळतं. एखाद्या ओसरीवर तिने पिशवीतून वही काढली की घरातल्या म्हाताऱ्यांना उगीच धडकी भरते. हणमंतराव नावाचा एक म्हातारा तर तिला बघितलं की मुद्दाम जोरात खोकायचा. आपण अजून आहोत, हे सरकारदरबारी कळावं म्हणून.

कामाला ती कडक. स्वतःचा नवरा वारला तेव्हा दिवस उरकल्यावर आठवड्याच्या आत तिने नमुना सात भरला आणि शेषेरावांचं नाव यादीतून कमी करायला आपल्याच हाताने पाठवलं. धाकटा दीर श्रीमंत म्हणाला, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, गावाला एक न्याय आणि घरच्याला एक असं मला जमत नाही. लबाडी तिने आयुष्यात एकच केली. तिचा एकुलता एक मुलगा दयानंद सात वर्षांपासून अमेरिकेत आहे, आणि नियमाने त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा यायला हवा होता. तो शेरा तिने आजतागायत मारलेला नाही. विचारलं तर म्हणते, राहून गेलं.

एवढी वर्षं याद्या सांभाळून सरकारबद्दल तिचं एक मत पक्कं झालं होतं. सरकार कसंही असो, ते चालतं मात्र बैलगाडीने. आधी प्रारूप यादी लागते. मग दावे आणि हरकतींना मुदत मिळते. मग अंतिम यादी, आणि तिच्यावरही महिन्याभरात शुद्धिपत्रक येतं. कुणाचंही नाव एका रात्रीत उडत नाही. हे ती बैठकीत नव्या सेविकांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायची, आणि त्या बिचाऱ्या लिहून घ्यायच्या.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात ती घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटत फिरत होती, तेव्हा दयानंदचा फोन आला. तिकडे निवडणूक झाली होती. बाहेरदेशातून येणाऱ्यांना आळा घालू असं सांगून ज्यांनी मतं मागितली होती, ते निवडून आले होते. दयानंद म्हणाला की आता नाताळच्या सुट्टीत येणं दूरच, काही दिवस देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं कंपनीचा वकील सांगतो. तारामतीबाईने हातातल्या चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या आणि त्याला धीर दिला. निवडून आलेला माणूस आधी सत्कार घेतो, मग बदल्या करतो, कायद्यापर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागतात, हे तिने त्याला सांगितलं. तो हसला. पण आला नाही.

या न येण्याची तिला आधीच मोठी ठेच लागलेली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये शेषेराव गेले. कावीळ झाली, नांदेडला दहा दिवस दवाखान्यात काढले, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि अंथरुणावरच प्राण सोडला. दयानंदने तेव्हा नुकतीच नोकरी बदलली होती. कागद मंजुरीसाठी अडकलेले होते. ते सुटेपर्यंत देश सोडला तर सगळंच बाद झालं असतं. बायको उज्वला तिकडे, पोरगी सात महिन्यांची. अग्नी श्रीमंतने दिला. दयानंदने फोनवर बघितलं, तेही मध्येच अडखळत. भावकी तोंडावर काही बोलली नाही, पण पाठीमागे जे बोलायचं ते बोललीच. बापाला खांदा द्यायला पोरगं आलं नाही, शिकवून काय उपयोग, वगैरे. पोराला लातूरला क्लासला ठेवलं तेव्हा हीच भावकी म्हणत होती, बाई, पोराचं नशीब काढलंस.

म्हणून दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबरात, सगळं जरा निवल्यासारखं वाटलं तेव्हा, दयानंद पक्ष पंधरवड्यात पंधरा दिवसांसाठी आला. बापाचं पितर त्याला आपल्या हाताने जेवू घालायचं होतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का अजून वर्षभर चालणार होता. घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

शेषेरावांची तिथी द्वादशी. ती आली गुरुवारी. गुरुवारी पितर घातलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण तारामतीबाईच्या मनात दुसरंच होतं. गुरुवारी भावकीतले नोकरीवाले येणार नाहीत. रविवारी सर्वपित्री अमावस्या आहे, त्या दिवशी कुणाचंही चालतं, नांदेड-लातूरचे सगळे येतील. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दयानंद बापाला पाणी देईल. मग बघू कोण काय बोलतं. श्रीमंतने एकदा सुचवलं होतं, तिथीचं तिथीला करून मोकळं व्हावं. तिने ऐकलं नाही. पन्नास माणसांना निरोप गेले.

शनिवारी सकाळी साडेसहाला ती उद्याच्या वड्यांसाठी उडीद निवडत बसली होती. बाहेर पाऊस. यंदा पावसाने नुसता उच्छाद मांडला होता, सोयाबीन पाण्यात उभं राहून पिवळं पडलं होतं. दयानंदचा फोन वाजला, तो उठून ओसरीवर गेला आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. उज्वलाचा फोन होता. तिकडे शुक्रवारची रात्र होती. तिथल्या सरकारने संध्याकाळी हुकूम काढला होता की त्याच्यासारख्या नोकरीच्या परवान्यावर बाहेरून येणाऱ्या माणसाला, त्याच्या कंपनीने एक लाख डॉलर भरल्याशिवाय आत घ्यायचं नाही. पाठोपाठ कंपनीचं पत्र आलं. जे देशात आहेत त्यांनी हलू नये, जे बाहेर आहेत त्यांनी मुदतीच्या आत परत यावं. मुदत म्हणजे आपल्याकडचे रविवार सकाळचे साडेनऊ.

तारामतीबाईने सूप खाली ठेवलं. तिला पहिल्यांदा भीती वाटलीच नाही, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं. तिला वाटलं, पोराची काहीतरी गफलत होते आहे.

"हुकूम काल निघाला अन् उद्यापासून लागू? मधी हरकतीची मुदत किती दिलीय?"

"माय, मुदत न्हाई. एक दिवस हाय."

"असं नसतंय दया. नीट वाच. जुन्याला लागू हाय का नव्याला, ते लिवलेलं असतंय. ज्याचा अर्ज आधीच मंजूर झाला त्याला कसं धरतील?"

त्याने मोबाइलवर हुकूम उघडला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा तिला मराठीत करून सांगितला. त्यात जुना-नवा असा शब्द कुठे सापडेना. दोघं मायलेक ओसरीवर डोकं लावून बसले. ती एकेक कलमाचा अर्थ विचारत होती आणि तो सांगत होता. परवाना नवा काढणाऱ्याला, की हातात असलेल्यालाही? वकिलांनाच कळत नव्हतं, तिथे पळसवाडीच्या ओसरीवर काय कळणार? पण तिचा हट्ट होता की कुठेतरी खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असणार. या हट्टापायी पाऊण तास गेला. साडेसात वाजून गेले आणि तोवर उज्वलाचे चार फोन येऊन गेले होते.

चौथ्या फोनला उज्वला रडत होती. लातूरची पोर, डाळ मिलमध्ये मुनीम असलेल्या बापाची थोरली लेक, कधी रडून बोलल्याचं तारामतीबाईला आठवत नव्हतं. तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या परवान्यावर. तो बाहेर अडकला तर परक्या देशात ती आणि दोन वर्षांची पोरगी, दोघी एकट्या. तेव्हा कुठे तारामतीबाई कलमं सोडून उठली.

श्रीमंतला हाक मारली. त्याचा थोरला पोरगा भुजंग याची स्वतःची जीप होती, तो हैदराबादला सोडायला लगेच तयार झाला. पण तारामतीबाईचा पाय अडला होता. बापाचं पितर तसंच ठेवून पोराने जायचं? तिने श्रीमंतला म्हटलं, आताच घालू या. खीर तेवढी होते पटकन, भात लावते, पान वाढू, दयाच्या हाताने पाणी देऊ, तासाभराचं काम.

श्रीमंत तसा मवाळ माणूस. वहिनीसमोर त्याने कधी आवाज चढवलेला नाही. पण या बाबतीत तो खांबासारखा उभा राहिला.

"वहिनी, आज चतुर्दशी हाय. हिरीत पडून, शस्त्रानं, घातानं गेलेल्याचं आज घालत्यात. माझा भाऊ अंथरुणावर गेला. त्याला आज जेवू घालून काय म्हणायचं हाय आपल्याला?"

ती म्हणाली, देवाला कळत नाही का अडचण? तो म्हणाला, देवाला कळेल हो, पण हे पितरांचं आहे. ती म्हणाली, मग गुरुवारीच का नाही मला हात धरून बसवलंत? त्याने सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. श्रीमंतने ते तोंडातून काढलं नाही, याबद्दल तारामतीबाई त्याचे आजही उपकार मानते. पण त्या क्षणी मात्र तिला त्याचा मनस्वी राग आला. स्वतःचा तर त्याहून.

निकाल शेवटी दयानंदने दिला. काका म्हणतात ते खरं आहे, चुकीच्या दिवशी नको, उद्या तुम्हीच घाला, असं म्हणून त्याने बॅग भरायला घेतली. कपडे अजून दोरीवर ओले होते, ते तसेच पिशवीत कोंबले. निघताना बापाच्या फोटोसमोर तो उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला.

"काय म्हणू, माय?"

"काय बी म्हणू नको. पाया पड अन् नीघ."

साडेआठला जीप हलली.

तो दिवस तारामतीबाईने फोन हातात धरून काढला. भोकरच्या अलीकडे एका पुलावरून पाणी होतं, भुजंगने वळसा घातला, पाऊण तास तिथे गेला. भैंसा आलं. निर्मळ आलं. त्यानंतर हमरस्ता लागला, पण तिकिटाचं जमेना. दयानंद गाडीत बसून तिकीट धरायचा आणि पैसे भरेपर्यंत ते दुसऱ्याने घेतलेलं असायचं. सगळ्या देशातली त्याच्यासारखी पोरं त्याच दिवशी विमानतळाकडे धावत सुटली होती. दुपारी तीनला एक मिळालं, रात्री साडेआठचं, आखातात सात-आठ तास बसवून ठेवणारं. तारामतीबाईने बोटांवर तास मोजले. कसंही मोजलं तरी तो अमेरिकेत उतरेपर्यंत मुदत टळून बारा-चौदा तास झालेले असणार होते.

"मग जाऊन काय करशील रे?"

"दारापर्यंत तरी जातो, माय. इथं बसून राहिलो तर उज्वला म्हणंल, हा आलाच न्हाई."

जो आलाच नाही म्हणून तिने दीड वर्ष गावाचं ऐकून घेतलं, त्याला ती कोणत्या तोंडाने थांब म्हणणार? तिने फक्त जेवून घे म्हटलं. त्याने जेवलो म्हणून सांगितलं, ते तिला खरं वाटलं नाही.

रविवारी पहाटे अंघोळ करून ती चुलीपुढे बसली. पितराचा स्वयंपाक, तो कुणासाठी थांबत नाही. श्रीमंतची बायको पुरण वाटत होती, तारामतीबाई वडे तळत होती. सहा वाजता फोन आला. आखातातल्या विमानतळावरून दयानंद बोलत होता, आणि त्याच्या आवाजात हसू आणि रडू यांची खिचडी झाली होती.

"माय, तू म्हणलीस तेच निघालं. रातच्याला खुलासा आला. नव्या अर्जालाच हाय. जुन्याला न्हाई."

तिने झारा बाजूला ठेवला. पाऊण तास ओसरीवर बसून जे शोधत होते, ते कुणीतरी एक दिवस उशिरा लिहिलं होतं. एवढ्या एका ओळीसाठी तिच्या पोराला बापाच्या पानावरून उठवलं. तिला संताप आला. पण तो कोणावर काढायचा? त्या देशात कोण राहतं, कोण मत देतं, कोण कोणाला का निवडतं, यातलं तिला ठाऊक काय होतं? तिच्या यादीतला एकही माणूस तिथे मत द्यायला गेला नव्हता.

तोवर दयानंदचं बोलणं पुढे गेलं होतं. साडेनऊला हैदराबादचं विमान आहे. दीड-दोनला उतरतो. भुजंग अजून तिकडेच आहे, पाहुण्यांकडे झोपला आहे. रात्री आठपर्यंत घरी. मंगळवारचं जुनं तिकीट आहेच, त्यावर परत जाता येईल.

"येऊ का माघारी? तू म्हण."

अमावस्या मध्यरात्रीनंतर दीडपर्यंत होती. तिने पंचांग आधीच बघून ठेवलं होतं, बायकांना अशा वेळी जे बघायचं ते बरोबर सुचतं. पितराची वेळ दुपारची, पण अडल्या वेळी लोक संध्याकाळीही करतात. भावकी थांबली असती. न थांबायला काय झालं, उलट अमेरिकेला निघालेलं पोरगं अर्ध्या वाटेतून बापासाठी परत आलं, हे बघायला शेजारची चार गावं गोळा झाली असती. तारामतीबाईच्या डोळ्यांपुढे ते सगळं आलं. दयानंद सोवळं नेसून बसला आहे, पाणी सोडतो आहे, आणि सगळे बघताहेत. तिला ते इतकं हवं होतं की तिच्या तोंडून 'ये' हा शब्द निघता निघता राहिला.

"हा खुलासा कुणी काढला?" तिने विचारलं.

"त्यांनीच."

"कालचा हुकूमबी त्यांनीच ना?"

"हाव."

शुद्धिपत्रक काय असतं हे तिच्याइतकं पळसवाडीत कुणालाच माहीत नव्हतं. एक निघालं की दुसरं निघतं. आज जुन्याला नाही म्हणाले, मंगळवारपर्यंत जुन्यालाही म्हणतील. तिचं बैलगाडीचं सरकार या एका रात्रीत मोडून पडलं होतं. वडा कढईत करपायला लागला. श्रीमंतच्या बायकोने हात पुढे करून तो काढला आणि जाळ ओढून घेतला.

"दया, तिकडं पुढची मोठी निवडणूक कवा हाय?"

"अठ्ठावीस सालच्या नोव्हेंबरात. कामून?"

तीन वर्षं आणि वर दोन महिने. तिने बोटांशिवाय मोजलं.

"तवर येऊ नको. मला काय झालं तरी येऊ नको. जा तू, पोरीपाशी जा."

पलीकडून विमानतळावरच्या घोषणा तेवढ्या ऐकू येत होत्या. मग तो माय, माय असं दोनदा म्हणाला, आणि तिने फोन ठेवून दिला. आणखी एकदा म्हणाला असता तर तिने बोलावून घेतलं असतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

ती मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि पदराने तोंड पुसत श्रीमंतकडे गेली. पाणी तुम्हीच द्यायचं, एवढंच तिने सांगितलं. तो काय समजायचं ते समजला. कुठवर गेला, एवढंही त्याने विचारलं नाही. अंघोळीला पाणी काढायला गेला.

अकरापासून भावकी यायला लागली. नांदेडची रेल्वेतली मंडळी आली, लातूरचे दोन चुलत दीर बायका-पोरांसह आले. सगळे येता येता दयानंदला शोधत होते. सगळ्यांना ठाऊक होतं तो आलेला आहे, तीच तर निरोपातली मुख्य गोष्ट होती. बारा वाजता श्रीमंत पाटावर बसला तेव्हा ओसरीवर कुजबुज सुरू झाली. तारामतीबाईची चुलत सासू ऐंशीच्या पुढची, तिला कानाने कमी ऐकू येतं म्हणून ती जगाशी मोठ्याने बोलते. ती भिंतीला टेकून बसलेली होती. तिने भरल्या ओसरीत विचारलं, पोरगं कुठं गेलं गं, औंदाबी न्हाईच का?

पन्नास माणसं तारामतीबाईकडे बघत होती. तिनेच बोलावलेली, बघण्यासाठीच.

तिच्या हातात खिरीचं भांडं होतं. ते तिने खाली ठेवलं नाही.

"मीच जा म्हणले त्याला, आत्याबाई," ती म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "तो येत होता. मीच नको म्हणले."

मग तिने श्रीमंतसमोरच्या पानावर खीर वाढली, आणि त्याला पाणी सोडा म्हणून सांगितलं.